धरून ठेवलेले शब्द

तर्कशास्त्राच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत सुरुवातीलाच एक वाक्य भेटते : युक्तिवादाची वैधता त्याच्या आकारावर अवलंबून असते, आशयावर नाही. सोबत एखादे उदाहरण असते. ‘सर्व बेडूक उभयचर आहेत, सर्व उभयचर पृष्ठवंशी आहेत, म्हणून सर्व बेडूक पृष्ठवंशी आहेत.’ यातील बेडूक, उभयचर आणि पृष्ठवंशी हे तीन शब्द काढून त्यांच्या जागी कोणतीही नामे घाला. आधारविधाने खरी आणि निष्कर्ष मात्र खोटा, असे कधीच घडत नाही. विद्यार्थ्यांना हे पटते, शिक्षकांनाही पटते, आणि पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ‘नाशिक पुण्याच्या उत्तरेस आहे, धुळे नाशिकच्या उत्तरेस आहे, म्हणून धुळे पुण्याच्या उत्तरेस आहे.’ नकाशा न उघडताही हा निष्कर्ष नाकारता येत नाही. परंतु मघाचीच रीत येथे वापरून ‘च्या उत्तरेस’ या शब्दांच्या जागी ‘च्या शेजारी’ हे शब्द घातले, तर युक्तिवाद कोसळतो. शेजाऱ्याचा शेजारी आपला शेजारी असतोच असे नाही. मग हा युक्तिवाद वैध म्हणायचा की अवैध? ‘च्या उत्तरेस’ हे शब्द बदलू दिले तर अवैध. ते जागेवर धरून ठेवले आणि केवळ गावांची नावे बदलली तर वैध. बेडकाच्या उदाहरणातही आपण ‘सर्व’ हा शब्द धरून ठेवला होताच. त्या जागी ‘काही’ घातले असते तर तोही युक्तिवाद टिकला नसता. ‘सर्व’ला जी सवलत मिळाली ती ‘च्या उत्तरेस’ला का मिळू नये?

पुस्तकांतील ठराविक उत्तर असे, की दुसऱ्या युक्तिवादात एक आधारविधान अध्याहृत आहे : ‘पहिले दुसऱ्याच्या उत्तरेस आणि दुसरे तिसऱ्याच्या उत्तरेस असेल, तर पहिले तिसऱ्याच्या उत्तरेस असते.’ ते लिहून टाकले की झाले. आम्हांला हे उत्तर समाधानकारक वाटत नाही. योग्य ते अध्याहृत विधान जोडण्याची मुभा असेल तर जगातील कोणताही युक्तिवाद वैध करून घेता येतो. ‘ही तार तांब्याची आहे, म्हणून ती विजेची सुवाहक आहे’ यालाही ‘तांबे सुवाहक असते’ हे जोडता येईल. पण तांब्याची सुवाहकता प्रयोगाने कळते. उत्तरेच्या उत्तरेस काय असते हे कळण्यासाठी कोणी प्रयोग करीत नाही. अध्याहृत विधानाच्या युक्तीने हा फरकच पुसला जातो. (आपल्याकडील न्यायशास्त्राने या फरकावर भर दिला नाही. धूर दिसतो म्हणून डोंगरावर अग्नी आहे, या त्यांच्या प्रसिद्ध अनुमानाचा सारा भार धूर आणि अग्नी यांच्या व्याप्तीवर आहे, आणि तिचे उदाहरण म्हणून स्वयंपाकघर पुढे केले जाते. तो वेगळा विषय आहे.)

तर्कशास्त्रात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर-तर’, ‘सर्व’, ‘काही’ अशा धरून ठेवायच्या शब्दांना तार्किक स्थिरपदे म्हणतात. आणि निष्कर्ष आधारविधानांतून अपरिहार्यपणे निघण्याच्या संबंधाला तार्किक निष्पत्ती. या दोहोंचे नाते नेमके काय, याची आजही पाठ्यपुस्तकांत वापरली जाणारी मांडणी ज्या निबंधातून आली त्याकडे आता वळू.

आल्फ्रेड टार्स्की (१९०१–१९८३) यांनी १९३५ साली पॅरिसच्या परिषदेत ‘तार्किक निष्पत्तीची संकल्पना’ या विषयावर व्याख्यान दिले. ते १९३६ मध्ये पोलिश आणि जर्मन भाषांत छापून आले. शिक्षक वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जगातील अग्रगण्य तर्कशास्त्रज्ञांत गणना होत असतानाही टार्स्की तेव्हा वॉर्सातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवीत होते, आणि १९३५ मध्येच त्यांचे दोन सहलेखकांसोबत लिहिलेले शालेय भूमितीचे पुस्तक निघाले होते. हा निबंध इंग्रजी भाषांतरात जेमतेम बारा पानांचा आहे. त्यात सूत्रांची गर्दी नाही. गणिताचा चांगला शिक्षक कोणत्याही पूर्वतयारीशिवाय तो वाचू शकेल.

टार्स्कींची व्याख्या थोडक्यात अशी. युक्तिवादातील तार्किक स्थिरपदे सोडून बाकी प्रत्येक शब्दाच्या जागी एक चल ठेवा. विधानांचे असे साचे तयार झाले की त्या चलांना वाटेल त्या वस्तू, गुणधर्म किंवा संबंध द्या. ज्या वाटपात एखादे विधान खरे ठरते ते वाटप म्हणजे त्या विधानाचे प्रतिमान. आधारविधानांचे प्रत्येक प्रतिमान जर निष्कर्षाचेही प्रतिमान असेल, तर निष्कर्ष त्या आधारविधानांतून निष्पन्न होतो. नुसते शब्द बदलून पाहणे का पुरत नाही, याचेही कारण टार्स्की देतात : भाषेत शब्दच अपुरे असतील तर प्रतिउदाहरण अस्तित्वात असूनही हाती लागणार नाही. म्हणून शब्दांऐवजी थेट वस्तूंकडे जायचे. याच धर्तीचा विचार बोल्झानो यांनी १८३७ सालीच मांडला होता. टार्स्कींना ते मागाहून कळले.

या व्याख्येचे बळ भूमितीत स्पष्ट दिसते. युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील पहिलेच प्रमेय घ्या : दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे. दोन्ही टोके केंद्र मानून रेषाखंडाएवढ्या त्रिज्येची दोन वर्तुळे काढायची. ती जेथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. वर्तुळे छेदतातच हे कशावरून? आकृतीत दिसते म्हणून. आता ‘बिंदू’ या शब्दाचा अर्थ बदलू. ज्यांचे दोन्ही निर्देशक परिमेय आहेत तेवढ्यांनाच बिंदू म्हणायचे. युक्लिडची पाचही गृहीतके या विरळ प्रतलातही खरी ठरतात. पण (०, ०) आणि (१, ०) या बिंदूंपासून काढलेली दोन वर्तुळे एकमेकांना छेदत नाहीत, कारण त्यांच्या छेदनबिंदूचा एक निर्देशक तीनच्या वर्गमुळाचा अर्धा, म्हणजे अपरिमेय येतो. ते जिथे भेटावेत तिथे बिंदूच नाही! आधारविधाने खरी, निष्कर्ष खोटा. म्हणजे युक्लिडचे पहिलेच प्रमेय त्याच्या गृहीतकांतून निष्पन्न होत नाही. ही त्रुटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश, हिल्बर्ट इत्यादींनी ‘मध्ये असणे’, ‘सलग असणे’ यांविषयीची गृहीतके वेगळी मांडून भरून काढली. बिंदू, रेषा, प्रतल या शब्दांच्या जागी टेबल, खुर्ची आणि बिअरचा पेला हे शब्द घातले तरी भूमिती चालली पाहिजे, असे हिल्बर्ट म्हणत असल्याचे सांगतात. टार्स्कींनी या कार्यपद्धतीला नेमकी व्याख्या दिली.

येथवर आम्ही टार्स्कींसोबत आहोत. अडचण आहे ती निबंधाचे पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून वाचल्यावर.

पहिल्या पानांवर टार्स्की विचारतात, की सिद्धतेचे ठराविक नियम असताना नवी व्याख्या हवीच कशाला? त्यांचे उत्तर एका उदाहरणात आहे. ‘० ला अमुक गुणधर्म आहे’, ‘१ ला तो आहे’, ‘२ ला तो आहे’ अशी अनंत विधाने एकेक करून सिद्ध झाली आहेत, पण ‘प्रत्येक नैसर्गिक संख्येला तो गुणधर्म आहे’ हे नेहमीच्या नियमांनी सिद्ध होत नाही, असे घडू शकते. ग्योडेल यांच्या १९३१ च्या शोधानंतर यात शंका उरली नव्हती. टार्स्की म्हणतात, निष्कर्ष तर उघडच निघतो. म्हणजे सिद्धतेचे नियम निष्पत्तीला पुरे पडत नाहीत. हे म्हणणे पटण्यासारखे आहे. परंतु त्यांचीच व्याख्या येथे लावून पाहा. ‘नैसर्गिक संख्या’ या शब्दांचा अर्थ मोकळा सोडला तर त्यांत ०, १, २, ३ यांखेरीज आणखी काही वस्तू घालता येतात, आणि त्या वस्तूंना तो गुणधर्म नसला की निष्कर्ष खोटा. म्हणजे टार्स्कींचे उदाहरण टिकायचे तर संख्यावाचक शब्द धरून ठेवलेल्यांत मोडले पाहिजेत. (टार्स्की ज्या भाषेत काम करीत होते तिच्यात संख्यांची व्याख्या ‘सर्व’ आणि संचांचे पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग यांच्या आधारे करता येत होती, म्हणून त्यांना हे खटकले नसावे. आजच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकातील तर्कशास्त्रात हा निष्कर्ष निष्पन्न होत नाही.)

आणि शेवटच्या पानावर टार्स्की सांगतात, की कोणते शब्द तार्किक आणि कोणते नाहीत याची पक्की सीमा आखण्याचे वस्तुनिष्ठ कारण त्यांना माहीत नाही. सर्वच शब्द धरून ठेवले तर बदलायला काहीच उरत नाही, आणि ‘निष्पन्न होते’ याचा अर्थ एवढाच राहतो, की आधारविधाने खोटी आहेत किंवा निष्कर्ष खरा आहे. मग ‘बेडूक उभयचर आहेत’ यातून ‘मुंबई समुद्रकाठी आहे’ हेही निघते! टार्स्कींनी हे स्वतः लिहून ठेवले याबद्दल आम्हांला आदर वाटतो. तरीही ज्या प्रश्नावर पहिले उदाहरण उभे आहे तोच प्रश्न शेवटी उघडा राहतो, ही निबंधातली खरीखुरी त्रुटी आहे.

या त्रुटीवर बोट ठेवणारे पुस्तक जॉन एच्मेंडी यांनी १९९० मध्ये लिहिले. त्याचे नाव टार्स्कींच्या निबंधाचेच आहे. त्यांची एक युक्ती आपल्या इतिहासातील उदाहरणाने सांगता येईल. त्यांनी स्वतः अमेरिकेचे अध्यक्ष घेतले आहेत. ‘अमुक व्यक्ती भारताची राष्ट्रपती झाली असेल, तर ती व्यक्ती पुरुष आहे.’ येथे ‘जर-तर’, ‘राष्ट्रपती’ आणि ‘पुरुष’ हे शब्द धरून ठेवा, आणि व्यक्तीचे नाव तेवढे बदला. २४ जुलै २००७ पर्यंत एकही प्रतिउदाहरण सापडले नसते. व्याख्येनुसार ते विधान तोवर तार्किक सत्य ठरते. २५ जुलैला प्रतिभा पाटील यांचा शपथविधी झाला आणि तार्किक सत्य खोटे पडले! अमेरिकेपुरते पाहिले तर तेथे ते आजवर खोटे पडलेले नाही. तर्कशास्त्राचे सत्य निवडणुकीच्या निकालावर अवलंबून असू शकत नाही हे शाळकरी मूलही सांगेल.

यावर कोणी म्हणेल, ‘राष्ट्रपती’ला स्थिरपद मानायला सांगितले कोणी? एच्मेंडींचा रोख नेमका येथेच आहे. तो शब्द धरून ठेवू नये हे आपल्याला कसे कळले? धरून ठेवला तर चुकीचे उत्तर येते म्हणून. म्हणजे बरोबर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होते, व्याख्येने ते दिले नाही. शिवाय केवळ निर्विवाद स्थिरपदे घेतली तरी सुटका नाही. ‘निदान दोन वस्तू अस्तित्वात आहेत’ हे विधान ‘काही’, ‘नाही’ आणि ‘तोच’ एवढ्या शब्दांत लिहिता येते. बदलायला काहीच नाही, आणि विधान खरे आहे; मग ते तर्कशास्त्राचे सत्य? आजची पुस्तके वस्तूंचा समूहही लहानमोठा करू देतात आणि ही आपत्ती टाळतात. तथापि जगात वस्तू सांत असत्या, समजा शंभरच असत्या, तर ‘शंभराहून अधिक वस्तू नाहीत’ हे त्याच व्याख्येने तार्किक सत्य ठरले असते. तसे ठरत नाही, कारण संचसिद्धान्त अनंत संच गृहीत धरतो. उत्तर बरोबर येते ते शेजारच्या घरून आणलेल्या साखरेमुळे.

एच्मेंडींची ही टीका आम्हांला बहुतांशी मान्य आहे. निष्कर्ष का नाकारता येत नाही याचे स्पष्टीकरण टार्स्कींची व्याख्या देत नाही. पण म्हणून ती टाकाऊ ठरते असे आम्हांला वाटत नाही. त्याकडे पुढे येऊ.

खुद्द टार्स्कींनी तीस वर्षांनी सीमा आखण्याचा प्रयत्न केला. १९६६ साली लंडनमध्ये दिलेले हे व्याख्यान त्यांच्या निधनानंतर, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कल्पना देखणी आहे. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये दाखवले होते, की कोणत्या रूपांतरांत काय टिकते यावरून भूमितींचे वर्गीकरण करता येते. आकृती फिरवली, सरकवली, लहानमोठी केली तरी कोन टिकतात : ही शाळेतील भूमिती. रबरासारखी ताणली तर कोन जातात, पण वलयाचे छिद्र टिकते : ही संस्थिती. टार्स्की म्हणतात, आता सगळेच निर्बंध काढा. जगातील वस्तूंची वाटेल तशी अदलाबदल करा. एवढी उलथापालथ होऊनही जे टिकते ते तार्किक. पुणे आणि धुळे यांची अदलाबदल केली की ‘च्या उत्तरेस’ टिकत नाही. ‘तांबे’ टिकत नाही, ‘राष्ट्रपती’ही नाही. ‘सर्व’, ‘काही’, ‘तोच’ टिकतात. ही चाचणी वर्गात वीस मुलांना उभे करून, त्यांच्या जागा बदलून सहज दाखवता येईल.

मात्र या चाळणीची भोके मोठी आहेत. वस्तूंची अदलाबदल केल्याने त्यांची संख्या बदलत नाही. त्यामुळे ‘दोन’, ‘अनंत’ आणि अनंतांचे लहानमोठे प्रकारही तार्किक ठरतात. नैसर्गिक संख्यांच्या संचाहून मोठा आणि वास्तव संख्यांच्या संचाहून लहान असा एखादा संच आहे का, हा प्रश्न प्रचलित संचसिद्धान्ताच्या गृहीतकांवरून सुटत नाही, हे ग्योडेल आणि कोहेन (१९६३) यांच्या कामातून सिद्ध झाले आहे. या चाळणीतून गेलेल्या शब्दांत तो प्रश्न मांडता येतो, आणि मग त्याचे उत्तर होय असो की नाही, ते तर्कशास्त्राचेच सत्य मानावे लागते. व्हॅन मॅक्गी यांचे १९९६ मधील उदाहरण अधिक खट्याळ आहे. असा एक जोडशब्द कल्पा, की ज्या समूहाविषयी बोलत आहोत त्यात एखादा वॉम्बट (ऑस्ट्रेलियातील एक शिशुधान प्राणी) असेल तर त्याचा अर्थ ‘किंवा’, नसेल तर ‘आणि’. समूहातल्या समूहात कितीही अदलाबदल केली तरी वॉम्बट समूहातच राहतो. त्यामुळे हा विचित्र जोडशब्द चाचणीत उत्तीर्ण होतो. सारख्या आकाराच्या निरनिराळ्या समूहांत शब्दाचे वागणे सारखेच असले पाहिजे, अशी अधिक कडक अट गिला शेर यांनी १९९१ च्या पुस्तकात मांडली होती. ती लावली की वॉम्बट बाहेर जातो, अनंतांचे प्रकार मात्र आतच राहतात.

आमचे मत असे, की १९३६ च्या निबंधातील शंका १९६६ च्या उत्तरापेक्षा अधिक मोलाची आहे. उष्मागतिकी शिकवताना आपण प्रथम ‘प्रणाली’ ठरवतो : भांड्यातील पाणी, की पाण्यासह भांडे, की संपूर्ण खोली. ही सीमा निसर्गाने आखून दिलेली नसते. प्रश्न काय आहे त्यावरून ती ठरते. पण एकदा आखली की किती उष्णता आत आली हे आपल्या मर्जीवर राहत नाही. धरून ठेवायच्या शब्दांचेही असेच आहे. ‘निष्पन्न होते का?’ हा प्रश्न ‘कोणते शब्द धरून?’ याशिवाय अपुरा आहे. एच्मेंडींना यात पराभव दिसतो. आम्हांला तो उपकरणाचा नेहमीचा गुणधर्म वाटतो. सीमा गैरसोयीच्या जागी आखली तर राष्ट्रपतींच्या उदाहरणासारखी गळती होणार, आणि ती गळती ओळखण्याचे ज्ञान उपकरणाबाहेरूनच यावे लागणार. १९४४ मधील एका पत्रात, जे १९८७ मध्ये छापले गेले, टार्स्कींनी सुमारे हीच भूमिका घेतली आहे : संचाचा घटक असणे ही संकल्पना कधी तार्किक मानणे सोयीचे असते, कधी नसते.

युक्लिडच्या पहिल्या प्रमेयाकडे या नजरेने पाहता येईल. कागदावरचे बिंदू आणि कंपासने काढलेली वर्तुळे यांविषयी आपण बोलत असू, तर ‘बिंदू’ आणि ‘वर्तुळ’ हे शब्द धरून ठेवलेलेच आहेत. वर्तुळे छेदतात आणि युक्लिडचा युक्तिवाद बिनचूक आहे. दिलेल्या पाच गृहीतकांतून काय निघते एवढाच प्रश्न असेल, तर तेच शब्द मोकळे सुटतात, परिमेय प्रतल समोर येते आणि तोच युक्तिवाद अपुरा ठरतो. ‘आकृतीत दिसते’ असे कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापण्यापूर्वी यांपैकी कोणता प्रश्न विचारला होता हे प्रश्नपत्रिकेत शोधावे लागेल, आणि बहुधा ते तेथे लिहिलेले नसेल.